डब्यातल्या नाण्यांचा हिशेब: आयर्लंडच्या फुटबॉल चालकांना खुलं पत्र

प्रति,
संचालक मंडळ, फुटबॉल असोसिएशन ऑफ आयर्लंड, ॲबट्सटाउन, डब्लिन १५
आणि
मा. क्रीडा राज्यमंत्री, आयर्लंड सरकार

विषय: मुलामुलींच्या फुटबॉलसाठी पैसा, मैदानं आणि जाहीर हिशेब मिळण्याबाबत

स. न. वि. वि.

तुमच्या कार्यालयापासून गाडीनं दहा मिनिटांवर असलेल्या एका लहान क्लबची मी खजिनदार आहे. पगार शून्य. मुदत दोन वर्षांची होती, आता पाचवं चालू आहे, कारण सभेत दुसरं कुणी हात वर करत नाही. आमची तिजोरी म्हणजे जेकब्जच्या बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. शनिवारी सकाळी साडेनऊला मी तो गाडीच्या बॉनेटवर उघडते, दोन-दोन युरोची नाणी मोजते आणि पंचांचं पाकीट बाजूला काढते. पाऊस असला, म्हणजे बहुतेक वेळा, की पाकीट भिजून मऊ पडतं आणि पंच ते दोन बोटांच्या चिमटीत धरून खिशात घालतात. आजवर एकाही पंचानं पैसे मोजून घेतलेले नाहीत. या देशाबद्दल मला आवडणाऱ्या गोष्टींपैकी ही एक.

गेल्या महिन्यात आमच्या समितीची सभा झाली. बारा वर्षांखालच्या मुलींचा दुसरा संघ चालू ठेवायचा की नाही, एवढाच विषय होता. मुली होत्या. पालक तयार होते. प्रशिक्षकही कसाबसा मिळाला असता. मैदान नव्हतं. पालिकेचं एक गवताचं मैदान आमच्या वाट्याला आहे आणि त्यावर सात संघ नाचतात. हिवाळ्यात गोलपोस्टसमोर असं डबकं साचतं की गोलकीपर पोरीला आम्ही गमतीनं कोळीण म्हणतो. पलीकडच्या शाळेचं कृत्रिम मैदान तासाच्या भाड्यानं मिळतं, पण ते भाडं माझ्या डब्यात बसत नाही. संघ बंद केला. एकोणीस घरांना ‘सध्या जागा नाही’ असं ईमेल मीच लिहिलं. एका आईनं उलट विचारलं, “मग पुढच्या वर्षी?” तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. ते द्यायला बसले आणि हे पत्र लिहून झालं.

इंग्रजीतलं पत्र आपल्याकडे पोचलेलं आहे. मराठीतून जाहीर करतेय ते आमच्या माणसांसाठी. ब्लँचर्डस्टाउन, टिरल्सटाउन, लूकन, ॲडम्सटाउन, कुठंही शनिवारी सकाळी जा, मैदानाच्या कडेला थर्मासमधून चहा ओतणारे मराठी आई-बाप दिसतात. आपली मंडळी फी वेळेवर भरतात, पोराला सोडतात, गाडीत बसून ऑफिसचे मेल उरकतात आणि ‘हे त्यांचं आहे, आपण कशाला तोंड घाला’ म्हणून गप्प राहतात. मीही बरीच वर्षं गप्प होते. पण तेरा वर्षं इथं कर भरल्यावर ‘त्यांचं’ आणि ‘आपलं’ यांच्यातली रेघ मला दिसेनाशी झाली आहे.

शिवाय फुटबॉल मला आयर्लंडनं शिकवलेला नाही. माझं माहेर कोल्हापूरचं, शिवाजी पेठेतलं. उरलेला महाराष्ट्र क्रिकेटच्या नादी लागला असताना आमच्या गावात पेठापेठांतल्या तालमी फुटबॉलचे संघ बाळगून आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावं आम्ही बाराखडीच्या आधी शिकलो. शाहू स्टेडियमवर वडिलांच्या शेजारी खारे शेंगदाणे खात मी मॅचेस पाहिल्या, आणि मॅच संपल्यावरची हुल्लडबाजीही पाहिली. पैशाची बोंब तिथंही होतीच. पण पेठेची तालीम म्हणजे पोरांना हक्कानं जाऊन बसायची जागा होती. आमचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा इथं दुपार होती आणि मी ऑफिसात मोबाईल पुस्तकाआड धरून ती मॅच पाहिली. तेव्हा फुटबॉलबद्दल मला कुणी ‘तुम्हाला यातलं काय कळतं’ म्हणू नये.

आता मूळ दुखण्याकडे येते.

मी आयटीत आहे, त्यामुळं आउटसोर्सिंग हा शब्द मला चांगला कळतो. आयर्लंडनं आपले फुटबॉलपटू घडवण्याचं काम कित्येक पिढ्या इंग्लंडला आउटसोर्स केलं होतं. लिअम ब्रेडी पंधराव्या वर्षी आर्सेनलला गेला. रॉबी कीन डब्लिनच्या क्रमलिनमधून तशाच कोवळ्या वयात इंग्लंडच्या वुल्व्हजला. यांची नावं राहिली. जे दोन-तीन वर्षांत बॅग भरून बोटीनं परत आले त्यांची कुणी वही ठेवली नाही. ती पद्धत चांगली होती असं मी मुळीच म्हणत नाही. मिसरूड न फुटलेल्या पोराला परक्या गावात, परक्या घरात ठेवायचं आणि जमलं नाही की तिकीट हातात द्यायचं, यात कौतुक करण्यासारखं काय आहे? पण एक होतं. मैदान, प्रशिक्षक, डॉक्टर, जेवणखाण, सगळा खर्च त्यांचा होता. तुम्हाला फक्त पंधरा वर्षांपर्यंतचं पोर तयार करून द्यायचं होतं, आणि तेही तुम्ही करत नव्हता. गल्लीतले क्लब करत होते.

१ जानेवारी २०२१ पासून तो दरवाजा बंद झाला. ब्रेक्झिटनंतर आयर्लंडच्या क्लबमधल्या पोराला अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत ब्रिटनमधल्या क्लबात जाता येत नाही. सोळा ते अठरा या वयात युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात जाण्याची वाट आहे. केव्हिन झेफी २०२१ मध्ये शॅमरॉक रोव्हर्समधून थेट इंटर मिलानला गेला. पण ती पायवाट आहे, रस्ता नव्हे. बाकी सगळी पोरं आता इथंच राहणार. ज्या वयात खेळाडू घडतो किंवा बिघडतो ती सगळी वर्षं तुमच्या पदरात आली आहेत. कित्येकांनी याला संधी म्हटलं. मीही म्हणते. फक्त संधीबरोबर बिल येतं आणि ते बिल पाच वर्षं झाली तरी टेबलावर तसंच पडून आहे.

तुम्ही काहीच केलं नाही असं नाही. एकोणीस वर्षांखालची राष्ट्रीय लीग २०११ मध्ये सुरू झाली, सतराखालची २०१५ मध्ये, पंधराखालची २०१७ मध्ये आणि त्यानंतर तेराखालची. पुढं तेराचे चौदा केले. शिडी उभी राहिली. तिचं फळ दिसतंही आहे. शॅमरॉक रोव्हर्सच्या मायकल नूनननं सोळाव्या वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, नॉर्वेच्या मोल्डेत जाऊन युरोपीय स्पर्धेत विजयी गोल केला. त्याच महिन्यात सेंट पॅट्रिक्स ॲथलेटिकच्या मेसन मेलियाचा टॉटनहॅमशी करार झाला, तोही आयर्लंडच्या लीगसाठी विक्रमी रकमेचा. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉय पॅरटनं बुडापेस्टला हंगेरीविरुद्ध आयर्लंडसाठी भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला तिसरा गोल मारला तेव्हा माझ्या घरात वरच्या मजल्यावरून माझी लेक इतक्या जोरात धावत आली की जिन्याच्या कठड्याची एक दांडी अजून हलते. त्या रात्री तुम्हा सगळ्यांचे अभिनंदनाचे संदेश मी वाचले. पॅरट बेल्व्हेडिअरचा, म्हणजे डब्लिनच्या एका शाळकरी मुलांच्या क्लबचा. त्या रात्री ते नाव घेणारे संदेश मी शोधत होते. फार सापडले नाहीत.

माझ्या तक्रारी अशा आहेत.

पहिली, पैशाची, आणि ही प्रामुख्यानं मंत्रिमहोदयांसाठी. या देशात पैज लावली की तिच्या रकमेवर दोन टक्के कर बसतो. २०१९ च्या आधी तो एक टक्का होता. २००१ च्या कायद्यानं घोडे आणि ग्रेहाउंड कुत्रे यांच्या शर्यतींसाठी एक निधी काढला आणि त्याचं नातं या पैजेच्या कराशी जोडलं. वाटणी ठरलेली: ऐंशी टक्के घोड्यांना, वीस टक्के कुत्र्यांना. २०२५ साली हा निधी ९ कोटी ९१ लाख युरोंचा होता. त्यातले ७ कोटी ९३ लाख घोड्यांकडे गेले आणि १ कोटी ९८ लाख कुत्र्यांकडे. आता मला सांगा, लोक आज पैज फक्त घोड्यांवर लावतात का? शुक्रवारी रात्री इथल्या टॅला उपनगरातल्या मॅचवर लावतात, शनिवारी इंग्लंडच्या लीगवर लावतात, कॉर्नर किती मिळतील यावरसुद्धा लावतात. फुटबॉलवर लागलेल्या पैजेचा कर सरकार घेतं, आणि त्यासाठी फुटबॉलला असा कुठलाही राखीव निधी नाही.

यावर माझ्या सासूबाईंनी इचलकरंजीहून फोनवर विचारलं, “पैजेच्या पैशावर पोरं वाढवायची का गं?” प्रश्न चोख आहे. पण कर घेतला जातोच आहे, तो तिजोरीत आल्यावर कुठं जातो एवढंच मी विचारतेय. घोड्यांशी माझं वैर नाही. किल्डेअरमध्ये कितीतरी घरं घोड्यांवर चालतात हे दिसतं. कुत्र्यांबद्दल मात्र माझ्या हातून भागाकार झाल्याशिवाय राहात नाही. २०२६ च्या अर्थसंकल्पात लीग क्लबांच्या अकादमींसाठी ३० लाख युरोंची तरतूद झाली. मनापासून आभार, कारण त्याआधी तेवढंही नव्हतं. पण दोन्ही डिव्हिजनचे मिळून वीस क्लब धरले तर सरासरी दीड लाख येतात. त्यात प्रशिक्षक, फिजिओ, बस, मैदान. आणि देशातली ग्रेहाउंड कुत्री आदल्या वर्षी या रकमेच्या साडेसहा पट घेऊन गेली. कुठल्याही सभेत हा हिशेब मला मांडावा लागला असता तर मी मान वर करून बोलू शकले नसते.

दुसरी तक्रार विश्वासाची, आणि ती असोसिएशनकडे. आमच्या क्लबात पन्नास युरोंच्या वरचा कुठलाही खर्च दोन सह्यांशिवाय होत नाही. नव्या जाळ्या घेतल्या तरी दोन सह्या. तुमच्याकडे मात्र २०१७ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यानंच संघटनेला एक लाख युरो उसने दिले आणि संचालक मंडळातल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता. मार्च २०१९ मध्ये वर्तमानपत्रानं छापलं तेव्हा ते जगाला कळलं. एप्रिलमध्ये सरकारी अनुदान थांबलं. डिसेंबरात ताळेबंद बाहेर आला तर देणी साडेपाच कोटींची. जानेवारी २०२० मध्ये सरकारनं हात दिला, वर्षाचं अनुदान दुप्पट करून ५८ लाखांवर नेलं, डब्लिनच्या अविवा स्टेडियमच्या देण्यासाठी बिनव्याजी कर्ज दिलं. २००९ साली पॅरिसमध्ये फ्रान्सच्या थिएरी आन्रीच्या हाताला चेंडू लागला आणि आयर्लंडची विश्वचषकाची वाट बंद झाली, त्याबद्दल फिफानं दिलेले ५० लाख युरोसुद्धा त्या स्टेडियमच्याच पोटात गेले होते, हे आपल्याला आठवत असेल. हाताला लागलेल्या एका चेंडूचे पन्नास लाख! आमची पोरं दर शनिवारी फुकट हँडबॉल करतात.

तेव्हाची माणसं गेली, आताचे कारभारी वेगळे आहेत, हे मला मान्य आहे. त्यांच्यावर मी शेणगोळे मारत नाही. पण एकदा हात पोळलेल्या माणसानं ताक फुंकून प्यावं, आणि प्यालेलं इतरांना दिसावंही. मुलामुलींच्या फुटबॉलवर, वयोगटानुसार, मुलगे आणि मुली वेगळे दाखवून, किती खर्च झाला याचं एक पान तुमच्या वार्षिक अहवालात मला हवं आहे. गुळगुळीत कागद नको, फोटो नकोत. एक पान.

तिसरी मैदानाची. २०२३ मध्ये तुम्हीच आराखडा मांडलात की देशातल्या फुटबॉलच्या सोयी सुधारायला पंधरा वर्षांत ८६ कोटी ३० लाख युरो लागतील. आकडा ऐकून आमच्या समितीतला एक जण म्हणाला, “आपल्याला फक्त एक नळ पाहिजे.” खरंच, आमच्या कंटेनरला पाण्याचा नळ नाही. तो कंटेनर म्हणजे कपडे बदलायची खोली, गोदाम आणि पाऊस जोरात आला की प्रतीक्षालय. बारा-तेरा वर्षांच्या मुली त्यात मुलग्यांच्या आधी जायला संकोचतात आणि गाडीत मागच्या सीटवर जॅकेटखाली कपडे बदलतात. महिला संघ २०२३ च्या विश्वचषकाला ऑस्ट्रेलियात गेला तेव्हा आमच्याकडं मुलींची रांग लागली. त्या रांगेतल्या मुलींना दाखवायला आमच्याकडं होता तो हा कंटेनर.

सरकारच्या क्रीडा अनुदानाची योजना आहे, हे ठाऊक आहे. मी दोनदा अर्ज भरला. मोठ्या बांधकामासाठी जमीन तुमच्या मालकीची हवी किंवा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा हवा. मैदान पालिकेचं, आम्ही वर्षावर्षाच्या परवानगीवर. म्हणजे ज्याच्याकडे जमीन आहे त्याला अनुदान, आणि ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी चेंडू आणि शंकू. शेजारच्या गेलिक, म्हणजे आयर्लंडच्या देशी खेळांच्या, क्लबकडे स्वतःचं मैदान आहे, दिवे आहेत, गरम पाणी आहे. त्यांचा मला हेवा वाटतो, राग नाही. त्यांच्या आजोबांनी जमिनी घेऊन ठेवल्या. फुटबॉलच्या आजोबांनी काय केलं हा प्रश्न मात्र १९२१ मध्ये बेलफास्टपासून वेगळं होऊन स्वतःचा संसार थाटलेल्या संघटनेनं स्वतःला विचारायला हरकत नाही.

चौथी तक्रार माझ्या घरातली आहे. माझा थोरला दोन वर्षं एका लीग क्लबच्या अकादमीत होता. क्लबचं नाव घेत नाही, कारण तिथली माणसं वाईट नव्हती. त्यांचा प्रशिक्षक दिवसा शाळेत शिकवायचा, संध्याकाळी सराव घ्यायचा आणि रविवारी मिनीबसही तोच चालवायचा. केरीला मॅच असली की सकाळी सातला निघायचं, ट्रॅलीला पोचायचं, सत्तर मिनिटं खेळायचं आणि रात्री घरी. गणिताचा गृहपाठ बसमध्ये, गुडघ्यावर वही ठेवून. त्याच्या वहीतले वर्तुळाचे कंस मी जपून ठेवलेत. लिमरिकच्या आसपास ते अंडाकृती होतात.

मग डिसेंबरातल्या एका रविवारी संध्याकाळी ईमेल आलं. तीन ओळी. पुढच्या हंगामाच्या नियोजनात तो नव्हता. कारण विचारायला फोन केला तर उचलला, नीट बोललेही, पण त्यांच्याकडं चौदा वर्षांच्या मुलाला समोर बसवून सांगायला वेळ असलेला एकही माणूस नव्हता. त्याचे बूट मागच्या दारात चिखलासकट महिनाभर पडून होते. मी धुतले नाहीत, त्यानं उचलले नाहीत.

आणि खरी गोम पुढं होती. लीगचा हंगाम २००३ पासून कॅलेंडर वर्षाप्रमाणे चालतो आणि अकादमीचे संघही त्याच चालीनं. शाळकरी क्लबांच्या लीग मात्र सप्टेंबरात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालत होत्या. म्हणजे अकादमीनं डिसेंबरात सोडलेलं पोर गावच्या क्लबात येतं तेव्हा तिथला हंगाम निम्मा झालेला, संघ भरलेले. माझ्या स्वतःच्या क्लबात माझ्याच मुलाला मे महिन्यापर्यंत जागा नव्हती. खजिनदाराचा मुलगा म्हणून घुसवायचा का? नाही घुसवला. तो पाच महिने भिंतीवर चेंडू मारत होता.

सगळ्यांचा हंगाम एका कॅलेंडरात बसवण्याचा मुद्दा तुम्ही फेब्रुवारी २०२४ च्या आराखड्यात मांडलात. माझ्या मुलाच्या अनुभवावरून मला तो पटतो, आणि आमच्या समितीतल्या निम्म्या लोकांना अजिबात पटत नाही. कारण उन्हाळ्यात गेलिक खेळ असतात आणि अकरा वर्षांच्या पोराला एकाच शनिवारी हर्लिंगची काठी की फुटबॉलचे बूट, असं निवडायला लावलं तर आपण हरू शकतो. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पण वरून फर्मान आणि खालून बहिष्कार अशा रीतीनं हे सुटणार नाही. गेलिक संघटनेबरोबर एका टेबलावर बसून, वयोगटानुसार वार वाटून घ्या. शनिवार कुणाचा, रविवार कुणाचा. गावपातळीवर आमच्या दोन क्लबांनी हे एका चहाच्या कपावर ठरवलं आहे. तुमच्याकडं तर चांगली कॉफी असते.

पाचवी, थोडी किचकट, पण खजिनदार आहे म्हणून सोडवत नाही. एखादा खेळाडू परदेशी क्लबला विकला गेला की फिफाच्या नियमानं रकमेचा पाच टक्के हिस्सा त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटला जातो. बारा ते पंधराच्या प्रत्येक हंगामाला रकमेच्या पाव टक्का. समजा, एखादं पोर २० लाख युरोंना गेलं, तर त्याला बाराव्या वर्षी खेळवणाऱ्या क्लबला पाच हजार मिळतात. तुमच्या ताळेबंदात पाच हजार म्हणजे पूर्णांकात बसवताना गळून पडणारा आकडा. आमच्याकडं तेवढ्यात मुलींचा तो दुसरा संघ एक वर्ष चालला असता.

२०२२ पासून ही वाटणी फिफाच्या क्लिअरिंग हाउसमार्फत होते आणि ती खेळाडूच्या नोंदणीच्या इतिहासावर चालते. तो इतिहास कोण ठेवतं? तुम्ही. जुनी नोंद कागदावर राहून गेली असेल, तर क्लबचं नाव त्या साखळीतून गळतं. आणि घडवणारा क्लब सापडलाच नाही तर तो वाटा देशाच्या संघटनेकडे जातो, तरुण खेळाडूंच्या विकासासाठीच वापरण्याच्या अटीवर. माझा प्रश्न साधा आहे: गेल्या दहा वर्षांत अशी किती रक्कम आपल्याकडे आली आणि ती कुठल्या मैदानावर खर्च झाली?

आमच्या क्लबातले स्वयंसेवक घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतात आणि त्याबद्दल कुणाची कुरकुर नाही. गार्डा व्हेटिंगचे, म्हणजे पोलीस पडताळणीचे, फॉर्म भरतात, बालसुरक्षेचे वर्ग करतात, प्रशिक्षणाच्या कोर्सची फी पदरमोड करून भरतात. एक आजोबा सत्तरी उलटली तरी रेघा मारायचं यंत्र ढकलत येतात आणि कोपऱ्याच्या रेघेशी आले की थांबून मागं वळून बघतात, सरळ आली का ते. या माणसांना शाबासकीचं प्रमाणपत्र पाठवू नका. गेल्या वर्षी एक आलं, ते कंटेनरमध्ये ओल येऊन फुगलं.

मागण्या या:

फुटबॉलवर लागणाऱ्या पैजांच्या करातला ठरावीक हिस्सा कायद्यानं मुलामुलींच्या फुटबॉलसाठी राखून ठेवा. दर ऑक्टोबरात अर्थसंकल्पाच्या वेळी हात पसरायला लावू नका.

अकादमींचे ३० लाख एका वर्षापुरते नकोत. निदान पाच वर्षांचं लेखी आश्वासन द्या, म्हणजे क्लब पूर्णवेळ माणूस नेमायला धजावतील. आणि त्या पैशाला एक अट जोडा: सोळाच्या आतल्या कुठल्याही मुलाला किंवा मुलीला ईमेलनं सोडायचं नाही. समोर बसवून, पालकांसमक्ष, आणि पुढच्या क्लबात जागा मिळवून देऊन सोडायचं.

पालिकेच्या मैदानावर वर्षानुवर्षं खेळणाऱ्या क्लबांना दीर्घ मुदतीचा करार मिळावा म्हणून पालिकांना निर्देश द्या, किंवा तोवर अनुदानाची अट सैल करा. पहिला पैसा मुलींच्या खोल्यांना आणि पाण्याला.

तरुणांच्या फुटबॉलच्या खर्चाचं ते एक पान यंदाच्या अहवालात छापा. त्यातच फिफाकडून आलेल्या विकास-वाट्याची ओळ असू द्या.

आणि क्लबांच्या जुन्या नोंदी तपासून दुरुस्त करायला एक माणूस नेमा. एकच पुरे. आमच्याकडं १९९० च्या दशकापासूनच्या वह्या आहेत, बुरशी लागलेल्या पण वाचता येतात. मी स्वतः आणून देईन.

येत्या शनिवारी दहा वाजता आमच्या मुलींची मॅच आहे, पाऊस नसेल तर. दोन्ही कार्यालयांना मैदानाचा पत्ता पाठवला आहे. सूट घालून येऊ नका, कडेला चिखल आहे.

आपली,
एका क्लबची खजिनदार
डब्लिन १५

ता. क. उत्तर इंग्रजीत दिलंत तरी चालेल. मी ते मराठीत करून, एक शब्दही न वगळता, इथंच टाकीन. त्या एकोणीस घरांनाही पाठवीन.